नवे घर घेताना रोजच्या प्रवासाला किती वजन द्यावे?

पायवाट

नमस्कार. घर घेण्याच्या निर्णयात आम्ही एका टप्प्यावर अडलो आहोत आणि येथील अनुभवी सभासदांचे विचार जाणून घ्यावेत म्हणून हा धागा काढत आहे. आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो, मुलगी प्राथमिक शाळेत आहे आणि सासूबाई आमच्यासोबत राहतात. बरीच घरे पाहून झाल्यावर दोन पर्याय उरले आहेत. पहिले घर शहराच्या मध्यभागाजवळ, जुन्या इमारतीत आणि लहान आहे. तेथून आम्हा दोघांचीही कार्यालये अर्ध्या तासाच्या आत आहेत. दुसरे बाहेरच्या नव्या वसाहतीत असून जवळजवळ त्याच किमतीत दीडपट जागा, एक स्वतंत्र खोली आणि भरपूर उजेड मिळतो. परंतु जाताना 45 मिनिटे आणि येताना 45 मिनिटे अधिक लागतील असा अंदाज आहे.

अडचण अशी की खोली मोजता येते, हप्ता मोजता येतो, पण रोजच्या प्रवासाचे मोल कसे ठरवायचे ते उमगत नाही. कोणी म्हणते, प्रवासाची सवय होते. कोणी म्हणते, सगळे आयुष्य रस्त्यावर जाईल. दोन्ही मते ठामपणे मांडली जातात आणि दोन्हींच्या मागे हिशेब नसतो. कोणते घर घ्यावे हे आपण सांगावे अशी अपेक्षा नाही. जागा आणि वेळ या दोन गोष्टी एकमेकींसमोर कशा ठेवायच्या, याची पद्धत हवी आहे.

तळटीप

प्रश्न नेमका मांडला आहे, म्हणून हिशेबापासूनच सुरुवात करतो. वर्षात साधारण 230 कामाचे दिवस धरले, तर रोजचा जादा दीड तास म्हणजे वर्षाला 345 तास. आठ तासांचा कामाचा दिवस या मापाने ते 43 दिवस होतात, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांचे कामकाज, आणि तेही एकाच माणसाचे. आपण दोघे आहात. कर्जाची मुदत 20 वर्षांची असेल, तर या काळात दोघांचे मिळून 13,800 तास केवळ जादा प्रवासात जातील. हा आकडा भीती घालण्यासाठी देत नाही. दीडपट जागेची ही किंमत आहे आणि ती विक्रीच्या करारात कोठेही लिहिलेली नसते, एवढेच दाखवायचे आहे.

सवयीविषयीही थोडे लिहितो. डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात टेक्सासमधील 909 नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचे प्रसंग क्रमाने आठवून प्रत्येक प्रसंगी मनाची अवस्था कशी होती, हे नोंदवायला सांगितले होते. कोणत्या प्रसंगी मन किती प्रसन्न होते, या क्रमाने लावलेल्या यादीत सकाळी कामावर जाण्याचा प्रवास तळाशी होता. अलोईस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय यांनी जर्मनीतील दीर्घकालीन कुटुंब-पाहणीच्या आधारे 2008 मध्ये असे दाखवले की ज्यांचा प्रवास लांब, त्यांचे आयुष्याविषयीचे समाधान सरासरीने कमी आढळते. अर्थशास्त्राच्या सरळ तर्कानुसार असे व्हायला नको, कारण लांब राहणाऱ्याला स्वस्त किंवा मोठे घर मिळालेले असते आणि त्यातून प्रवासाची भरपाई व्हायला हवी. प्रत्यक्षात ती पुरती होत नाही. मला पटणारे कारण असे की मोठ्या खोलीची सवय लवकर होते, कारण ती रोज सारखीच असते; रस्त्यावरची अडवणूक मात्र रोज निराळी असते, आणि जे निराळे असते त्याची सवय होत नाही.

कोनाडा

वरील हिशेबाशी माझा वाद नाही, परंतु त्यात घर म्हणजे केवळ दोन नोकरदारांनी रात्री परतण्याची जागा असे गृहीत धरलेले दिसते. पायवाट यांच्या सासूबाई दिवसभर घरातच असणार. मुलगी शाळेतून आल्यावर संध्याकाळपर्यंत घरात असणार. या दोघींच्या वाट्याला जागेची अडचण किंवा सोय किती तास येते, हेही त्याच कागदावर मांडायला हवे. वृद्ध माणसाला स्वतंत्र खोली, खिडकीतून येणारा उजेड आणि चालण्यापुरती मोकळी जागा मिळणे ही चैन नव्हे. मुलगी दहावीला जाईल तेव्हा अभ्यासाला दार लावून बसता येईल अशी जागा लागेल, तेही आजच पाहावे लागेल.

दुसरे असे की प्रवासाचा सगळाच वेळ वाया जातो असे मी मानत नाही. लोथलोरियन रेडमंड आणि पॅट्रिशिया मोख्तारियन यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सॅन फ्रान्सिस्को परिसरातील नोकरदारांना विचारले होते की तुम्हाला किती मिनिटांचा प्रवास आदर्श वाटेल. सरासरी उत्तर शून्य नव्हते, सुमारे 16 मिनिटे होते. काम आणि घर यांच्यामध्ये थोडे अंतर अनेकांना हवे असते. गाडी चालवत 45 मिनिटे आणि रेल्वेत बसून वाचत 45 मिनिटे यांना एकाच भावाने मोजणे मला योग्य वाटत नाही. शिवाय नोकऱ्या बदलतात. आज जवळ असलेले कार्यालय उद्या दुसऱ्या टोकाला गेले, तर लहान घरही पदरात राहील आणि प्रवासही.

उत्तरायण

कोनाडा यांचा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. नोकरी बदलण्याची शक्यता असेल, तर आजच्या कार्यालयापासूनचे अंतर पाहण्याऐवजी त्या घरापासून 45 मिनिटांत आपल्या व्यवसायातील किती ठिकाणे गाठता येतात, हे पाहावे. समान वेळेत पोहोचता येणारी ठिकाणे जोडून काढलेला नकाशा यासाठी उपयोगी पडतो. फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1881 मध्ये लंडनहून जगभर पोहोचायला किती दिवस लागतात, याचा असा नकाशा काढला होता. आज कोणत्याही घरासाठी तो संगणकावर काही क्षणांत मिळतो. मध्यवर्ती घराचा असा नकाशा बहुधा सगळ्या दिशांना पसरतो, तर टोकाच्या घराचा एकाच रस्त्याच्या बाजूने लांबोळका होतो. नोकरी बदलली की हा फरक कळतो. घर बदलणे सोपे नसते. कर, दलाली, सामान हलवणे आणि मुलांची शाळा या सगळ्यांचा खर्च पुन्हा नव्याने येतो.

आता मोजण्याविषयी, कारण बहुतेक निर्णय येथेच चुकतात. जाहिरातीतील वेळ वसाहतीच्या मुख्य फाटकापासून मोकळ्या रस्त्याची असते. खरी वेळ घराच्या दारापासून कार्यालयातील खुर्चीपर्यंत मोजायची असते. त्यात उद्वाहनाची वाट पाहणे, वाहनतळातून गाडी बाहेर काढणे, स्थानकापर्यंत चालणे आणि उतरल्यावर पुन्हा चालणे, हे सगळे येते. ताशी 5 किलोमीटर वेगाने 10 मिनिटांत सुमारे 800 मीटर चालून होतात. जाहिरातीत 'स्थानकापासून पाच मिनिटे' असे असेल, तर अंतर स्वतः चालून पाहावे.

त्याहून अधिक काळजीने पाहायची गोष्ट म्हणजे वेळेतील चढउतार. महिन्यात साधारण 20 कामाचे दिवस असतात. त्या 20 दिवसांतील सर्वांत वाईट दिवशी किती वेळ लागतो, हा आकडा सरासरीपेक्षा अधिक उपयोगाचा आहे, कारण घरातून कधी निघायचे हे माणूस त्या वाईट दिवसाच्या धास्तीने ठरवतो. सरासरी 60 मिनिटांचा प्रवास महिन्यातून एकदा 100 मिनिटांवर जात असेल आणि त्या दिवशी उशीर चालणार नसेल, तर रोजच 100 मिनिटे आधी निघावे लागते. अशा वेळी तुमच्या दिवसातून 100 मिनिटेच गेली, 60 नव्हेत.

चढउतार एवढा का होतो, त्याचेही उत्तर आहे. अमेरिकेच्या सार्वजनिक रस्ते विभागाने 1964 मध्ये दिलेले एक सूत्र वाहतूक नियोजनात आजही वापरले जाते. त्यानुसार रस्त्यावरील वाहने रस्त्याच्या क्षमतेइतकी झाली, तर मोकळ्या रस्त्याच्या मानाने वेळ 15 टक्क्यांनी वाढतो. वाहने क्षमतेच्या दीडपट झाली, तर वाढ सुमारे 76 टक्के होते. गर्दी आणि वेळ एकाच प्रमाणात वाढत नाहीत. म्हणून तुडुंब भरलेल्या रस्त्यावर एक बंद पडलेली गाडी किंवा थोडा पाऊस पुरतो. बाहेरच्या वसाहतीला शहराशी जोडणारा रस्ता एकच असेल, एकच पूल किंवा एकच रेल्वे फाटक असेल, तर हा धोका रोजचा समजावा.

बसचेही तसेच आहे. दर 20 मिनिटांनी बस अगदी ठरल्याप्रमाणे येत असेल, तर वेळ न पाहता थांब्यावर आलेल्या प्रवाशाला सरासरी 10 मिनिटे थांबावे लागते. तितक्याच बसगाड्या पूर्णपणे अनियमित येत असतील, तर सरासरी थांबणे 20 मिनिटांवर जाते. गाड्या तेवढ्याच, पण वाट पाहणे दुप्पट. म्हणून वेळापत्रकातील गाड्यांची संख्या पाहू नये, थांब्यावर उभे राहून पाहावे.

एक लहानशी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. घर कार्यालयाच्या पश्चिमेला असेल, तर सकाळी पूर्वेकडे आणि संध्याकाळी पश्चिमेकडे गाडी चालवावी लागते आणि दोन्ही वेळा सूर्य डोळ्यांसमोर येतो. घर पूर्वेला असेल, तर तो दोन्ही वेळा पाठीशी असतो. दुचाकीवर रोज जाणाऱ्याने याचा विचार जरूर करावा.

निशिगंध

आतापर्यंतच्या चर्चेत 'दोघांचा प्रवास' असे सरसकट म्हटले गेले आहे. तो प्रवास दोघांचा सारखा नसतो, हे मला आग्रहाने मांडायचे आहे. जेनिफर रॉबर्ट्स, रॉबर्ट हॉजसन आणि पॉल डोलन यांनी ब्रिटनमधील कुटुंब-पाहणीच्या आधारे 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की लांबच्या प्रवासाचा मानसिक स्वास्थ्यावर होणारा विपरीत परिणाम स्त्रियांमध्ये दिसतो, पुरुषांमध्ये तसा दिसत नाही. अभ्यासकांनी त्याचा संबंध घरकाम आणि मुलांच्या जबाबदारीशी जोडला आहे. कारण उघड आहे. पुरुषाचा प्रवास बहुतेक घर ते कार्यालय असा सरळ असतो. स्त्रीच्या प्रवासात शाळा, पाळणाघर, औषधे, भाजी आणि वृद्धांचा दवाखाना हे थांबे जोडलेले असतात. त्यामुळे 45 मिनिटे वाढली की त्या साखळीतला प्रत्येक थांबा पुढे ढकलला जातो आणि अखेरीस एखादा तुटतो. बहुतेक घरांत मग स्त्रीच जवळची, कमी पगाराची नोकरी धरते किंवा नोकरी सोडते. घराच्या किमतीच्या हिशेबात हा तोटा कोणी लिहीत नाही. मला वाटते तो सर्वांत वर लिहायला हवा.

आणखी एक विचार. दोन कार्यालये एकाच सरळ रस्त्यावर असतील, तर त्यांच्यामध्ये घर कोठेही घेतले तरी दोघांच्या अंतरांची बेरीज तेवढीच राहते. बेरीज पाहून निर्णय होणारच नाही. ज्याच्या अंगावर घरातल्या जबाबदाऱ्या अधिक, त्याचा प्रवास आधी कमी करावा, असा नियम मी सुचवेन. शाळेतून दुपारी फोन आला, तर कोण निघणार आणि किती वेळात पोहोचणार, हा प्रश्न पती-पत्नींनी घर पाहतानाच एकमेकांना विचारावा.

पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरायण यांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही शाळा सुरू असताना, कामाच्या दिवशी, दोन्ही घरांपासून कार्यालयापर्यंत दारापासून खुर्चीपर्यंतची वेळ मोजून पाहिली. लहान घरापासूनच्या वेळेत फारसा फरक पडला नाही. बाहेरच्या घरापासूनची वेळ मात्र दर वेळी निराळी आली आणि संध्याकाळची वेळ सकाळपेक्षाही अधिक अनिश्चित निघाली. निशिगंधताई, शाळेच्या फोनचा प्रश्न आम्ही खरोखरच एकमेकांना विचारला. बाहेरचे घर घेतले, तर त्याचे समाधानकारक उत्तर आमच्याकडे नाही.

तरीही कोनाडा यांचे सासूबाईंविषयीचे म्हणणे मनातून जात नाही. जुन्या इमारतीत त्यांना स्वतःची खोली मिळणार नाही. विक्रेत्याचे म्हणणे असे की रस्ता लवकरच रुंद होणार आहे आणि पुढे रेल्वेही येणार आहे, मग प्रवास निम्म्यावर येईल. यावर कितपत विसंबावे?

तळटीप

रुंदीकरणावर मुळीच विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अँथनी डाउन्स यांनी 1962 मध्येच मांडले होते की शहरी जलदगती मार्गावरील गर्दीच्या वेळची वाहतूक मार्गाच्या क्षमतेइतकी वाढत जाते. रस्ता रुंद झाला की आधी वेगळ्या वेळी निघणारे, वेगळ्या मार्गाने जाणारे आणि बसने जाणारे लोक त्या रस्त्यावर येतात. जिल ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी 2011 मध्ये अमेरिकेतील शहरांच्या आकडेवारीवरून दाखवले की महामार्गांच्या मार्गिका जितक्या वाढतात, जवळजवळ त्याच प्रमाणात वाहनांनी कापलेले अंतरही वाढते. शिवाय नव्या वसाहतीतील सगळी घरे अजून भरलेली नाहीत. ती भरली की तुमच्याच इमारतीतील शेकडो गाड्या त्याच रस्त्यावर उतरतील. आज जो प्रवास मोजलात तो बहुधा त्या घराचा पुढील काही वर्षांतला बरा प्रवास असेल.

रेल्वेची गोष्ट वेगळी आहे, कारण तिचा मार्ग स्वतंत्र असतो आणि रस्त्यावरची गर्दी तिला अडवत नाही. परंतु खांब उभे राहणे आणि गाडी धावणे यांत वर्षे जातात, आणि त्या वर्षांत बांधकामामुळे रस्ताच अरुंद झालेला असतो. माझा नियम साधा आहे: आज जी सेवा तिकीट काढून वापरता येते तेवढीच हिशेबात धरावी. पुढे जे येईल ते लाभ म्हणून स्वीकारावे, पण त्याची किंमत आज मोजू नये. विक्रेत्याने ती घराच्या दरात आधीच धरलेली असते.

कोनाडा

रस्त्याविषयी तळटीप यांच्याशी सहमत आहे. पैशांच्या बाजूने थोडी भर घालतो. शिकागोतील एका संस्थेने घर आणि प्रवास यांचा खर्च एकत्र मोजण्याची पद्धत रूढ केली. केवळ घराचा खर्च उत्पन्नाच्या 30 टक्क्यांत बसतो का, हे पाहण्याऐवजी घर आणि प्रवास मिळून 45 टक्क्यांत बसतात का, हे ती पाहते. बाहेरच्या घरासाठी दुसरी गाडी घ्यावी लागणार असेल, तर तिचा हप्ता, विमा, इंधन आणि दुरुस्ती घराच्याच खात्यात मांडा. वेळेला किंमत द्यायची असेल, तर अमेरिकेच्या परिवहन विभागाची एक प्रचलित रीत आहे: शहरातल्या खासगी प्रवासाचा तास ताशी उत्पन्नाच्या निम्म्या दराने मोजायचा. तुम्हा दोघांच्या वर्षभराच्या जादा 690 तासांना तो दर लावून पाहा आणि येणारी रक्कम घराच्या वर्षभराच्या हप्त्यांशेजारी ठेवा.

आठवड्यातून दोन-तीन दिवस घरून काम करता येत असेल, तर हा आकडा निम्म्यावर येईल, हेही खरे. मात्र ती सवलत कंपनीच्या एका पत्राने बंद होऊ शकते आणि कर्ज मात्र 20 वर्षे चालते.

उत्तरायण

विल्यम अलोन्सो यांनी 1964 मध्ये जमिनीच्या दराचे जे गणित मांडले, त्याचा गाभा असा की केंद्रापासून दूर जाताना जागेचा दर उतरतो, कारण प्रवासाचा खर्च वाढतो. म्हणजे बाहेरची दीडपट जागा ही बक्षिसी नाही. तुमच्या वेळेचा बाजाराने दिलेला मोबदला आहे. बाजाराने तो मोबदला सरासरी कुटुंबासाठी ठरवलेला आहे. एकच नोकरदार असलेल्या, घरूनच काम करणाऱ्या किंवा निवृत्त माणसांच्या कुटुंबाला तो फायद्याचा पडतो. दोन नोकरदार, शाळेत जाणारे मूल आणि वृद्ध माणूस असलेल्या कुटुंबाला तो अपुरा पडण्याची शक्यता जास्त. सासूबाईंना मोठी खोली मिळेल, पण त्यांना अचानक बरे वाटेनासे झाले तर घरी पोहोचणारे माणूस सव्वा तासावर असेल, हेही कोनाडा यांनी मान्य करावे.

माझी सूचना अशी की दोनच पर्यायांत अडकून राहू नये. आज चालू असलेल्या रेल्वेमार्गावर, मध्यापासून थोडे बाहेर, स्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, पहिल्यापेक्षा एक खोली अधिक असलेले जुने घर शोधावे. जुन्या घरात दर चौरस फुटामागे वापरण्यायोग्य जागा पुष्कळदा अधिक मिळते. शक्य असेल तर त्या भागात आधी भाड्याने राहून एक पावसाळा काढावा.

पायवाट

बाहेरचे घर आम्ही सोडून दिले आहे. तासांना पैशांचा दर लावून रक्कम काढली तेव्हा यजमानांचेही मत बदलले. परंतु खरे कारण रक्कम नव्हती, सासूबाईच म्हणाल्या की मोठ्या खोलीत दिवसभर एकटे बसण्यापेक्षा तुम्ही संध्याकाळी वेळेत घरी आलेले बरे. त्यांना आम्ही हे आधीच विचारायला हवे, असे येथे कोणी सुचवले नव्हते, म्हणून ते मुद्दाम लिहीत आहे. आता रेल्वेमार्गाजवळचे एक घर पाहायला जाणार आहोत. तेथे नेमके काय तपासावे?

निशिगंध

सासूबाईंना सोबत घेऊन जा आणि स्थानकापासून घरापर्यंत त्यांच्या चालीने चाला, एकदा दिवसा आणि एकदा दिवे लागल्यावर. पदपथ सलग आहे का, रस्ता ओलांडायला सिग्नल आहे की पादचारी पुलाचे जिने चढावे लागतात, पुलाला सरकता जिना असेल तर तो चालू असतो का, हे पाहा. शाळा आणि दवाखाना स्थानकाच्या कोणत्या बाजूला आहेत, हेही पाहा. रूळांच्या पलीकडे असतील, तर नकाशावरचे 300 मीटर प्रत्यक्षात एक किलोमीटर होतात. गर्दीच्या वेळी त्या स्थानकावर गाडीत चढता येते का, हे फलाटावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही, कारण आधीच्या स्थानकांवरच गाडी भरत असेल, तर दर पाच मिनिटांनी गाडी असूनही तुम्हाला ती सोडावी लागेल. शेवटची गाडी किती वाजता सुटते, ते स्थानकावर विचारून घ्या.